दोन कंदांतला एक

नोमुका बेट, ६ फेब्रुवारी १९९५

ती. ताईंना प्रभूमध्ये सलाम.

एमेलिनाचं पत्र मिळालं. तिने ते तुम्हाला न सांगता लिहिलं आहे, म्हणून तिच्यावर रागावू नका. लेक आईसाठी लिहिणार नाही तर कुणासाठी? गेलं वर्षभर तुमचं दुखणं चालू आहे, आठवड्यातून तीनदा तुम्हाला यंत्राला जोडतात, तिचं स्वतःचं तुमच्याशी जुळलं नाही, आणि डॉक्टर म्हणतात की सख्ख्या भावंडाचं जुळण्याची आशा जास्त असते, असं सगळं तिने लिहिलंय. इतकं होईपर्यंत तुम्ही आम्हाला एका शब्दाने कळवलं नाहीत. असो. तुम्ही थोरल्या, तुम्हाला विचारणारा मी कोण?

ताई, ज्यावर लिहायचंय तो विषय भावाने बहिणीपुढे काढायचा नसतो. शरीराचं नाव घ्यायला माझी जीभ रेटत नाही, आणि आता बघतो तर पेनही रेटत नाही. तेव्हा मी कोनफळाचं नाव घेतो. देवाने प्रत्येकाच्या वाफ्यात दोन कंद घातले आहेत. तुमचे दोन्ही नासले. माझे दोन्ही बरे असावेत. हंगामाचं पहिलं कोनफळ भावाने बहिणीच्या दारी नेऊन ठेवायचं ही आपली रीत तुम्ही ब्रिस्बेनला गेल्यापासून राहूनच गेली. यंदा ते घेऊन मी येतो.

काल उपदेशाची पाळी माझी होती. मी मंडळींपुढे उभा राहून सांगितलं की देवाने मला हे काम सांगितलंय. सगळं चर्च रडलं. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आपला मामेभाऊ मकिसी तिकडून तिकिटाचं बघतोय.

तुमच्या आज्ञेतला,
कितिओने


ब्रिस्बेन, २० फेब्रुवारी १९९५

प्रिय कितिओने,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग संतापले, मग यंत्राची वेळ झाली म्हणून तशीच संतापलेली तिथे जाऊन पडले.

किडनी. घे, लिहिला शब्द. आभाळ कोसळलं नाही. इथे रोज परके लोक माझ्यासमोर माझ्या लघवीवर चर्चा करतात, आणि तू सव्वा पानभर कोनफळं लावत बसलास! आणि ज्या गोष्टीचं नाव बहिणीपुढे घेता येत नाही, ती अख्ख्या गावापुढे चर्चमध्ये बरी सांगता आली तुला?

मला राग कशाचा आलाय ते नीट ऐक. तुझ्या आडवळणाच्या बोलण्याचा नाही, 'देवाने सांगितलंय' याचा आलाय. माझा नवरा गेला तेव्हा इथली मंडळी दारात येऊन म्हणाली, देवाची इच्छा. आता मी वाचायचं तर तीही त्याचीच इच्छा. जो उचलून नेतो त्याच्याच हातून मला काही नको. त्या दिवसापासून मी चर्चची पायरी चढले नाही, हे तुला ठाऊक आहे.

मी इथे म्हाताऱ्यांच्या घरात इतकी वर्षं काम केलं. कुणाची पाठ पुसली, कुणाला घास भरवला, कुणाचं अंथरूण दिवसातून दहादा बदललं. वर बसून कुणी बघत नाही याची मला खात्री होती, तरी केलं. केलं आणि घरी आले. तुझं तसं नाही. तू मला एक कंद देणार आणि स्वर्गात वाफाभर काढून घेणार. माझ्या पोटातून तुझ्या स्वर्गाला जिना लावायला मी तयार नाही.

तू चार वर्षांचा होतास तेव्हा ओहोटीला शिंपल्या वेचायला जाताना तुला पाय कापतील म्हणून मी कडेवर घ्यायची. तुझं वाहतं नाक माझ्या खांद्याला पुसायचास. तेव्हा मला कुणी देवाने सांगितलं नव्हतं.

म्हणून एकच विचारते. देव नसता, तर दिली असतीस का? खरं उत्तर आल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही.

तुझी ताई,
लुसेआने


नोमुका, ९ मार्च १९९५

ती. ताईंना प्रभूमध्ये सलाम.

पत्र वाचलं. फानेने वाचून दाखवायला घेतलं होतं, पण दुसऱ्या ओळीतल्या त्या शब्दाला मी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

तुमच्या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. पाळकसाहेबांना विचारावंसं वाटलं, पण मग म्हटलं, ताईंनी मला विचारलंय. देव नसता तर, असा विचार करायला मी मळ्यात एकटा बसून पाहिलं. ताई, खरं सांगतो, मला नुसती भीती वाटली. तुम्हाला माहीत आहे मी कसा आहे ते. डुकराला खच्ची करताना मी दुसरीकडे बघतो. सुई पाहिली की मी खोलीबाहेर पळतो. तिकडे मला झोपवून कुशीत कापणार, असं मकिसीने फोनवर पोस्टमास्तरांना सांगितलं आणि पोस्टमास्तरांनी सगळ्या रांगेला सांगितलं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की देव मला या कामाची मजुरी देणार म्हणून मी करत नाही. तो माझा हात धरतो. नाही धरला तर मी बोटीवर पाय ठेवीन की नाही, सांगता येत नाही.

हे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. पण खोटं लिहिता येत नाही.

कोनफळं यंदा बरी आहेत. खरी कोनफळं म्हणतोय मी.

तुमच्या आज्ञेतला,
कितिओने


ब्रिस्बेन, ११ एप्रिल १९९५

प्रिय फाने,

तुझ्या नवऱ्याला लिहायचं सोडून तुला लिहितेय. त्याला सरळ प्रश्न विचारला, त्याने सरळ उत्तर दिलं. देव नसता तर दिली नसती. मला वाईट वाटायला नको होतं, पण वाटलं. वाटलं होतं, निदान खोटं तरी बोलेल.

त्याला येऊ नको असंच कळवणार होते. पण मागच्या आठवड्यात माझ्या छातीत पाणी झालं. एमेलिना खाटेशी उभी राहून अशी रडली की मला माझ्या तत्त्वाची लाज वाटली. तेव्हा तपासणीपुरता येऊ दे त्याला. पुढचं पुढे. आणि फाने, तू एका ओळीनेही काही लिहिलं नाहीस. तुझं काय म्हणणं आहे?

लुसेआने


नोमुका, २८ एप्रिल १९९५

ती. वन्संना फानेचा सलाम.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाही तर भावजयीने यात तोंड घालू नये. घरात चार पोरं, धाकटं अजून अंगावर पितंय. नारळावर चढणारा एक, बोट ओढणारा एक, मळा बघणारा एक, आणि तो सगळा एकच माणूस. त्याच्या अर्ध्या पोटाचा सौदा ठरला तेव्हा मला कुणी विचारलं नाही. तुम्ही पोरांच्या आत्या, या घरात तुमचा मान सगळ्यांच्या वर. माझा मान कुठे ते तुम्हाला माहीतच आहे.

पण वन्सं, तुम्ही जगावं असं मलाही वाटतं. आमच्या लग्नात तुम्ही मला स्वतःच्या कमरेला गुंडाळलेली मानाची चटई काढून दिलीत ती मी विसरले नाही.

तो मंगळवारच्या बोटीने निघाला. तुमच्यासाठी खरंच एक कोनफळ घेऊन निघालाय, पोत्यात गुंडाळून. मी म्हटलं, विमानतळावर माती लागलेलं काही आत सोडत नाहीत. ऐकत नाही. तिकडे तो मकिसीकडे उतरेल. तुमच्या छपराखाली झोपायला सांगू नका, बहिणीच्या छपराखाली भाऊ झोपत नाही; तो दारात उभा राहील पण आत यायचा नाही.

फाने


ब्रिस्बेन, २ जून १९९५

प्रिय फाने,

कोनफळ विमानतळावर जप्त झालं. तुझा नवरा त्या अधिकाऱ्याला म्हणाला म्हणे, "ठेवा, तुमच्या बहिणीला द्या."

आता मुख्य. तपासण्या झाल्या. जुळलं, आणि इतकं चांगलं जुळलं की डॉक्टर आपणच खूश झाले. सुईच्या वेळी तो दोनदा कोसळला, पण परत उठून बाही वर करून बसला. आणि तरीही होणार नाहीये. रुग्णालयाने काल त्याला नकार दिला.

झालं असं. देणाऱ्याची एक बाई मुलाखत घेते, मिसेस डॉइल नावाची, मनाने चांगली आहे. माणूस दबावाखाली देत नाही ना, हे ती बघते. त्या दिवशी दुभाष्या आला नाही. ती मला म्हणाली, तुम्हीच सांगाल का, परक्या मुलुखात बहीण जवळ असली तर त्याला धीर वाटेल. काय सांगू तिला? मी बसले. कितिओने खुर्ची भिंतीकडे फिरवून बसला, माझ्याकडे पाठ. बाईला ते पहिल्याच झटक्यात खटकलं.

तिने विचारलं, तुम्ही हे स्वतःच्या इच्छेने करताय का?

तो भिंतीला म्हणाला, "माझ्या इच्छेचा प्रश्नच कुठे येतो? ती ताई आहे."

तिने विचारलं, नाही म्हणावंसं वाटलं तर म्हणता येईल का?

"नाही म्हणणं माझ्या हातात नाही."

समजा, नाहीच दिलीत. मग काय होईल?

"देवाला तोंड दाखवता येणार नाही. आणि गावाला."

मी शब्दाला शब्द सांगत गेले. बाई लिहीत गेली. शेवटी तिने फाइल मिटली आणि माझ्याकडे फार कीव आल्यासारखं बघितलं. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून आम्ही घेत नाही, म्हणाली. धर्माचा दबाव आणि घरच्यांचा दबाव, दोन्ही आहेत.

घे, माझ्या प्रश्नाचं उत्तर आता सरकारी कागदावर आलं. माझंच बरोबर होतं. मग मला आनंद का होत नाहीये, फाने? तो मकिसीच्या मागच्या अंगणात बसून अळकुड्या सोलतोय.  पुढच्या महिन्यात परत पाठवतील.

लुसेआने


नोमुका, १२ जून १९९५

वन्सं,

सलामबिलाम राहू दे. पोस्टमास्तरांनी सांगितलं, बोट आजच जातेय, म्हणून ते टपाल बांधेपर्यंत इथेच उभ्याने लिहितेय.

तुम्ही त्या खोलीत बसला होता! मग तो दुसरं काय बोलणार? बहिणीसमोर भाऊ 'माझी इच्छा' म्हणतो का कधी? तो तुमच्यापुढे चहा मागताना 'मला हवा' म्हणत नाही. लहानपणापासून त्याला शिकवलंय, ताईसाठी करतोस ते तुझं नाही, ते तिचंच आहे. तुम्ही तिकडे गेलात म्हणून हे विसरलात असं मला सांगू नका. तुम्ही त्या बाईला शब्द सांगितलेत, माणूस सांगितला नाहीत. का नाही सांगितलात ते तुमचं तुम्हाला माहीत.

आणि आता माझं ऐका. हे मी लिहिणार नव्हते.

एमेलिनाचं पत्र आलं ते गुरुवारी. मी मळ्यात नेऊन वाचून दाखवलं. तुमचा भाऊ उकिडवा बसून तण काढत होता. ऐकून म्हणाला, "मी जातो." एवढंच. आणि परत तण काढायला लागला. मी रडले, भांडले, पोरांची नावं घेतली. तो म्हणाला, "हो, खरं आहे," आणि परत, "मी जातो."

शुक्रवारी मी काकांकडे गेले. होय, मीच गेले. घराण्यातला थोरला माणूस नाही म्हणाला की त्याच्या पुढे कुणी जात नाही, हे मला माहीत होतं. शनिवारी काकांनी सगळ्यांना बसवलं, कावाच्या पेयाची वाटी फिरवली आणि बजावलं, चार पोरांच्या बापाने पोट कापून घ्यायचं नाही, विषय संपला. तो मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं, सुटले.

आणि रविवारी तो चर्चमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, देवाने सांगितलंय. काकांचं तोंड बघायला हवं होतं! देवाच्या पुढे काका काय बोलणार?

वन्सं, हा माणूस पकडलेल्या माशाची लांबीसुद्धा वाढवून सांगत नाही. घरी आल्यावर मी विचारलं, कधी सांगितलं हो देवाने? तो पाठ फिरवून बाहेर गेला. जेवलाही नाही. तेव्हापासून रोज पहाटे गुडघ्यावर बसतो, आणि काय मागतो ते मला कळतं. कुणालाही न सांगता तो देवाच्या नावावर खोटं बोललाय, तुमच्यासाठी. त्याच्या हिशेबाने स्वर्ग मिळायचा सोडा, होता तो गेला.

मी त्याला अडवायला गेले होते. आता मीच सांगते, त्या बाईकडे जा आणि माणूस सांगा.

फाने


ब्रिस्बेन, ३० जून १९९५

प्रिय फाने,

तुझं पत्र वाचलं. 'का नाही सांगितलात ते तुमचं तुम्हाला माहीत' ही ओळ तू फार बरोबर जागी मारलीस. मला सगळं माहीत होतं. तो भिंतीला काय म्हणतोय आणि त्याचा अर्थ काय, दोन्ही. मी शब्द दिले आणि अर्थ दाबून ठेवला. त्याची सुटका व्हावी म्हणून केलं, की माझंच खरं ठरावं म्हणून केलं, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलून मी स्वतःला फार निर्मळ समजायला लागले होते.

मी मिसेस डॉइलकडे गेले. तिला सांगितलं, मला बाहेर काढा आणि त्याला पुन्हा विचारा. आमच्यात भाऊ बहिणीपुढे स्वतःची इच्छा सांगत नाही, ती सांगणं म्हणजे तिच्याशी बरोबरी करणं. पाठ फिरवून बसला तो घाबरून नाही, मानाने बसला. बाईने सगळं पुन्हा लिहून घेतलं. या वेळी रुग्णालयाने आपला दुभाष्या बोलावला, आपल्याच वावाऊ बेटाकडचा पोक्त माणूस. मला तिसऱ्या मजल्यावर चहा प्यायला पाठवलं.

आत काय झालं ते कितिओने सांगणार नाही. बाईने मात्र, त्याला विचारून, मला एवढं सांगितलं. तिने त्याला विचारलं, देवाने सांगितलं म्हणून देताय का?  तो म्हणाला, "नाही. या कामात देवाचं नाव घालू नका, त्याच्यावर आधीच मी फार टाकलंय. मला ताई हवी आहे. माझ्यासाठीच हवी आहे. तसं लिहा."

आता बोल! इतके दिवस मी निःस्वार्थ, निःस्वार्थ म्हणून त्याचा जीव खाल्ला, आणि त्याने स्वतःसाठी मागितलं तेव्हा कुठे त्यांनी त्याला हो म्हटलं.

तारीख ठरली, जुलैच्या अठराला. मी सही केली. प्रश्न मागे घेते असं त्याला चिठ्ठीने कळवलंय. मकिसीच्या बायकोच्या हाती निरोप आला, "ठीक आहे, पण सुई लहान वापरायला सांगा."

पोरांना जवळ घे. आणि फाने, तुला कुणी विचारलं नाही ना? मी विचारते. चालेल का?

लुसेआने


(तार) नोमुका, १० जुलै १९९५

चालेल. काकांनाही सांगितलं. फाने


ब्रिस्बेन, २४ सप्टेंबर १९९५

प्रिय कितिओने,

तू गेलास त्याला महिना होत आला. तुझा कंद माझ्यात छान रुजलाय. बघ, तुझीच भाषा बोलायला लागले. यंत्र बंद झालं. पाणी पिताना अजूनही मोजायला जाते आणि मग आठवतं, की आता मोजायचं नाही. काल एमेलिनाच्या देखत सबंध शहाळं प्यायले. ती बघत उभी होती, कुणी जादू करतंय तशी.

वॉर्डमध्ये आपल्याला शेजारच्या खाटा दिल्या तेव्हाचं मनातून जात नाही. शुद्धीवर येताच तू पहिला शब्द बोललास तो 'पडदा'. नर्सला वाटलं तुला उजेड सोसत नाही. मग पडद्यापलीकडून तुझं कण्हणं ऐकू यायचं, आणि मी विचारलं, दुखतंय का रे? तू म्हणालास, "वाफा जरा खोल उकरलाय त्यांनी. बाकी ठीक." टाके असताना मला हसवलंस, त्याबद्दल तुला माफी नाही.

आता रागाचं. फानेने लिहिलंय की तू मंडळींपुढे उभं राहून फेब्रुवारीतल्या बोलण्याची कबुली देणार आहेस. कशासाठी? कुणाचं काय बिघडलं? लोक सुखाने रडले आणि घरी गेले. तू कबुली दिलीस तर काकांचा अपमान होईल, पाळकसाहेब तुला उपदेशकांतून काढतील, आणि ते काम तुला बोट आणि मळ्याइतकंच लागतं, हे मला माहीत आहे. माझ्यापायी ते जाऊ नये.

हवं तर माझं नाव सांग. सांग, ताईने हुकूम केला आणि मी नाही म्हणू शकलो नाही. सगळ्यांना पटेल. माझी आबरू तिथे तशीही चर्चबाहेर उभी आहे, आणखी थोडी गेली तर मला काही वाटणार नाही. वाटल्यास तसं पत्र लिहून पाठवते, वाचून दाखव.

आजवर मी थोरलेपणा कधी वापरला नाही. आज वापरते. कबुली द्यायची नाही. हा हुकूम समज.

तुझी ताई,
लुसेआने


नोमुका, १६ ऑक्टोबर १९९५

ती. ताईंना प्रभूमध्ये सलाम.

तुमचं पत्र शुक्रवारच्या बोटीने आलं. तुमचा शब्द मी आजवर खाली पडू दिला नव्हता. या वेळी पडू दिला. माफी असावी.

काल उपासना संपल्यावर मी उभा राहिलो. सांगितलं की फेब्रुवारीत इथे उभं राहून जे मी देवाचं म्हणून बोललो ते देवाचं नव्हतं, माझं होतं. काकांनी अडवलं होतं म्हणून मी देवाला पुढे केलं. ताईंनी काही हुकूम केला नव्हता, उलट त्या नको म्हणत होत्या, हेही सांगितलं. म्हणजे तुमचं ते पत्र पाठवायची आता गरज नाही. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलायला निघालात, ते वाचून मात्र मला बरं वाटलं. ते चुकीचं आहे तरी.

या वेळी कुणी रडलं नाही. काका उठून बाहेर गेले. संध्याकाळी फाने त्यांच्याकडे भाजलेला मासा घेऊन गेली, तो त्यांनी ठेवून घेतला, तेव्हा ते पुढेमागे बोलतील. पाळकसाहेबांनी उपदेशाच्या पाळीतून माझं नाव काढलंय. वर्षभर की कायमचं, ते ठरायचं आहे. संध्याकाळच्या उपासनेला मी मागे पोरांच्या चटईवर बसलो. दुसऱ्याचा उपदेश इतका लांब असतो, याची मला कल्पना नव्हती. फाने म्हणाली, आता कळलं का, आम्ही काय सोसलं ते?

वजन उचलायची मला अजून मनाई आहे. कोनफळाच्या नव्या लावणीचे खड्डे फानेने आणि थोरल्याने खणले. मी काठावर बसून चुका काढतो.

ताई, तुमचा तो प्रश्न. तुम्ही तो मागे घेतलात, तरी तो माझ्याकडेच राहिला. मार्चमध्ये मी तुम्हाला हात धरण्याचं लिहिलं होतं. ते खरंच होतं, पण ते नंतरचं. एमेलिनाचं पत्र आल्यानंतरच्या शुक्रवारपासूनचं, जेव्हा भीती वाटायला लागली तेव्हापासूनचं. गुरुवारचं मी लिहिलं नाही, कारण मला त्याची लाज वाटत होती. अजून वाटते. मंडळींनाही ते सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

गुरुवारी मी वेलांखाली तण काढत होतो. माझे हात मातीचे होते म्हणून फानेने पत्र वाचलं. ताई, मी इतकी वर्षं उपदेश केला. जेवणाआधी, बोटीत पाय ठेवण्याआधी, डुक्कर कापण्याआधी मला प्रभूचं नाव आपसूक येतं. त्या वेळी मला देव आठवलाच नाही. तुमची कंबर आठवली, जिच्यावर बसून मी खडक ओलांडायचो. शब्द लिहिलाच शेवटी, माफ करा. मी फानेला म्हटलं, मी जातो. देव मला संध्याकाळी ताटावर बसल्यावर आठवला.

त्याबद्दल त्याची मी रोज क्षमा मागतो. तुमची मागत नाही.

तुमचा,
कितिओने